मराठी नाट्यनिर्मात्यांना ठाण्यातून खुलं पत्र : पुढचं संकट यायच्या आधी नाटकं नीट शूट करून ठेवा

समस्त मराठी नाट्यनिर्माते मंडळींना सप्रेम नमस्कार,

थेट मुद्द्यावर येते. तुमची जी नाटकं आज चालू आहेत, रविवारी ठाण्याच्या गडकरी नाट्यगृहाला तिकिटांचा प्लॅन उघडला की ज्यांच्या पुढच्या रांगा बघता बघता संपतात ती नाटकं, चांगल्या कॅमेऱ्यांनी आणि चांगल्या आवाजात शूट करून ठेवा. त्याचे कलाकारांशी, लेखकाशी, बॅकस्टेजवाल्यांशी करार आत्ताच करून ठेवा, धंदा बरा चाललाय तोवर. 2020 सारखी वेळ परत आली आणि तेव्हा तुम्ही कॅमेरा शोधायला निघालात तर माल तुमचा आणि भाव समोरच्याचा असं होईल, आणि तो भाव तुम्हाला मुकाट्याने घ्यावा लागेल.

मी नौपाड्यात राहते, साऊंड एडिटिंगचं काम करते, जास्त करून मालिका आणि जाहिराती, मधूनमधून सिनेमा. नाटकाशी माझा धंद्याचा संबंध कमी आणि प्रेक्षक म्हणूनच जास्त. गडकरी रंगायतन 1978 ला सुरू झालं, आमच्या घरापासून तलावपाळी चालत अंतरावर, त्यामुळे शनिवारी रात्री साडेआठचा नाहीतर रविवारी दुपारी साडेचारचा प्रयोग हे आमच्याकडे देवळात जाण्यासारखं नेमाचं. म्हणून हे पत्र बाहेरच्या माणसाचं समजू नका, तुमची तिकिटं काढून मोठी झालेली बाई बोलतेय.

2020 ला काय झालं ते तुम्ही भोगलंय, मी फक्त तारखा आठवून देते कारण त्या विसरल्या जातायत. 13 मार्चला राज्य सरकारने मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथली थिएटरं बंद करायचं जाहीर केलं, 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन, आणि नाट्यगृहं उघडायची परवानगी आली ती 5 नोव्हेंबरला, नेमकी रंगभूमी दिनाच्या दिवशी, तीही अर्ध्या खुर्च्यांवर. जरा कुठे प्रयोग लागायला लागले तर 2021 च्या एप्रिलमध्ये परत कुलूप, ते 22 ऑक्टोबरला निघालं, परत अर्ध्या खुर्च्या. म्हणजे दोन्ही वेळचे मिळून चौदा महिन्यांच्या आसपास असे गेले की ज्यांचं पोट नाइटवर, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांवर चालतं, सेट लावणारे, लाइट ऑपरेट करणारे, कपडेपट सांभाळणारे, मेकअपवाले, बुकिंगवर बसणारे, त्यांना नाइटच नाही. प्रयोग नाही तर पैसे नाहीत, इतकं साधं गणित आहे ते. रेशनचे किट वाटले गेले, तुमच्यातल्या अनेकांनी स्वतःच्या खिशातून मदत केली, ते मला माहितीये आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे, पण मदत ती मदत, मिळकत ती मिळकत.

आता त्याच काळात बाकीच्यांकडे काय चाललं होतं बघा. आमच्या घोडबंदर रोडला मालिकांचे किती सेट आहेत ते ठाण्यातल्या कोणालाही विचारा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ते सगळे बंद पडले आणि चॅनलकडे नवे एपिसोड संपले. मग काय केलं? जुने काढले. दूरदर्शनने 28 मार्चपासून 1987-88 ची 'रामायण' मालिका परत लावली आणि अख्खा देश घरात बसून ती बघत होता, आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी नऊला जिन्यात सगळ्या मजल्यांवरून एकच आवाज यायचा. तीस वर्षं जुनी मालिका चालली कारण ती कपाटात जपून ठेवलेली होती. त्या काळात कोण तरलं आणि कोण बुडालं हे जवळजवळ एवढ्यावरच ठरलं, कपाटात काय होतं.

नाटकाचंच उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतलं बघा. 'हॅमिल्टन' हे ब्रॉडवेचं नाटक जून 2016 मध्ये, मूळ कलाकार नाटकात होते तेव्हाच, भर प्रेक्षकांसमोर शूट करून ठेवलं होतं. नाटक हाऊसफुल्ल, तिकीट मिळत नाही, अशा वेळी शूट केलं आणि ठेवून दिलं. डिस्नेने त्याचे हक्क घेतले, ऑक्टोबर 2021 ला सिनेमागृहात लावायचं ठरलं होतं. कोविड आला, ब्रॉडवे बंद पडलं, तर त्यांनी ते 3 जुलै 2020 ला घरोघरी टीव्हीवर आणलं, पंधरा महिने आधी. लंडनच्या नॅशनल थिएटरने 2009 पासून आपली नाटकं बऱ्याच कॅमेऱ्यांनी शूट करून सिनेमागृहांत दाखवायला सुरुवात केली होती, आपल्याकडे मुंबईत एनसीपीएच्या थिएटरात ती दाखवतात, तुमच्यातले कित्येक जण जाऊन बघून आले असतील. लॉकडाऊन लागल्यावर 2 एप्रिल 2020 पासून त्यांनी दर आठवड्याला एक नाटक यूट्यूबवर फुकट दाखवलं आणि डिसेंबर उजाडेपर्यंत स्वतःची पैसे भरून बघायची सेवा सुरू केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराकडे 2006 पासूनची रेकॉर्डिंग होती, ते 16 मार्चपासून रोज रात्री एक ऑपेरा दाखवत होते. यातल्या कोणीही महामारी येणार म्हणून शूट केलं नव्हतं. चांगलं काम चालू होतं, ते नीट टिपून ठेवलं, एवढंच.

आणि आपल्याकडे? 2020 च्या उन्हाळ्यात मला एका निर्मात्यांचा फोन आला, नाव लिहिणार नाही, माणूस चांगला. एक प्लॅटफॉर्म नाटकं विकत घेतोय, माझ्याकडे एका जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग आहे, तेवढा आवाज साफ करून द्या ताई, पोरांचे दोन महिने निघतील. हार्ड डिस्क आली. लावून बघितलं तर एकच कॅमेरा, शेवटच्या रांगेच्या मागे स्टँडवर ठेवलेला, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा उजेड किती घेतो ते, ऑटोवर. त्यामुळे दर ब्लॅकआउटला चित्रात काळे ठिपके नाचायचे आणि लाइट आला की पुढचे दोन सेकंद कलाकाराचा चेहरा पांढराफटक. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतलेला. एसीची घरघर, जवळ बसलेल्या कोणाची तरी प्लॅस्टिकची पिशवी, आणि हशा आला की तो कलाकाराच्या वाक्यापेक्षा तिप्पट मोठा. दुसऱ्या अंकात एक प्रसंग होता, बाप मुलीशी जवळजवळ कुजबुजत बोलतो, थिएटरमध्ये त्या जागी टाचणी पडली तरी ऐकू आली असती, मी तो प्रयोग स्वतः बघितला होता. रेकॉर्डिंगमध्ये तिथे फक्त एसी होता. मी फिल्टर लावले, एकेक वाक्य हाताने उचललं, पण एका मर्यादेनंतर नॉइज काढायला गेलं की माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि जे टेपवर आलंच नाही ते कोणतंही सॉफ्टवेअर आणून देत नाही. प्लॅटफॉर्मने क्वालिटीच्या कारणावरून परत पाठवलं. त्यात बापाची भूमिका करणारे ज्येष्ठ नट आता नाहीत. ती भूमिका त्यांनी इतकी वर्षं केली आणि तिचा धड ऐकू येईल असा एकही पुरावा नाही, हे मला अजून सहन होत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं मी म्हणत नाही. जुलै 2020 मध्ये हृषीकेश जोशींनी 'नेटक' म्हणून ऑनलाइन नाटक केलं, कलाकार आपापल्या घरातून आणि प्रेक्षक आपापल्या घरात, तिकीट काढून. हातात काही नसताना माणसं काहीतरी उभं करत होती, मला त्याचं फार कौतुक वाटलं. पण तो वेगळा प्रकार झाला, घरातून करण्यासाठीच बसवलेला. तुमची जी डझनावारी तयार नाटकं होती, शंभर-दोनशे प्रयोग झालेली, घासूनपुसून पक्की झालेली, त्यातली दाखवण्यासारखी किती निघाली याचा तुम्हीच आपापल्याशी विचार करा.

मी या धंद्यात आहे म्हणून सांगते, संकट नवीन काही शोधून काढत नाही. अर्धा झालेला बदल ते एका फटक्यात पुढे ढकलतं. आमच्याकडे मार्च 2011 ला हे झालं. जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, त्यात सोनीचा एक कारखाना बंद पडला जिथे एचडीकॅम एसआर नावाची टेप बनायची, मोठ्या स्टुडिओंचं आणि चॅनलचं बरंचसं काम या टेपवर चालायचं. जगभर टेपचा तुटवडा. फाइलवर काम करायची सोय आधीपासून होती पण लोक टाळत होते, टेप हातात धरता येते, भरवसा वाटतो. टेपच मिळेना म्हटल्यावर भराभर सगळे फाइलवर गेले, आणि नंतर कारखाना सुरू झाला तरी बहुतेक जण परत फिरले नाहीत. 2020 चंही तेच. आपल्याकडे हॉटस्टार 2015 ला आलं, नेटफ्लिक्स आणि प्राइम 2016 ला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. रस्ता बांधून तयार होता, लॉकडाऊनने फक्त सगळी माणसं एकदम त्यावर आणून सोडली. नेटफ्लिक्सला 2020 च्या पहिल्या तीन महिन्यांत जगभरात 1 कोटी 57 लाखांच्या वर नवे ग्राहक मिळाले. एप्रिलमध्ये रिलीज व्हायचा ठरलेला 'गुलाबो सिताबो' 12 जूनला थेट प्राइमवर आला, तेव्हा एका मोठ्या मल्टिप्लेक्स कंपनीने जाहीर नाराजी व्यक्त केली होती, पण त्या नाराजीने पुढचे सिनेमे काही थांबले नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग झालं काय, लोक परत आले ना. आलेच. नेटफ्लिक्सचे 2022 च्या सुरुवातीला दोन लाख ग्राहक कमी झाले, हिंदी सिनेमा ओटीटीवर यायच्या आधी आठ आठवडे थिएटरला राहील हा नियमही त्याच वर्षी परत आला, आणि मराठी नाटकाला तर लोकांनी अशी गर्दी केली की माझ्यासारखीला रविवारचं तिकीट मिळत नव्हतं. मला त्याचा आनंद आहे. पण सगळं जागच्या जागी आलं नाही हेही बघा. अमेरिकेत युनिव्हर्सल हा स्टुडिओ आणि एएमसी ही थिएटरांची साखळी यांचं एप्रिल 2020 मध्ये कडाक्याचं भांडण झालं होतं, एएमसी म्हणाली तुमचा एकही सिनेमा लावणार नाही, आणि जुलैमध्ये त्यांनीच 17 दिवसांनंतर सिनेमा घरी दाखवायला मान्यता देऊन करार केला. अडीच-तीन महिने थांबायची जुनी पद्धत कायमची गेली. म्हणजे पाणी ओसरतं, पण नदी थोडी सरकलेली असते. आणि एएमसीने तो करार थिएटरं बंद असताना, हातात काही नसताना केला. माझी भीती नेमकी तीच आहे, की तुमची सही पण अशाच वेळी घेतली जाईल.

नाटकवाल्यांना हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. 1932 ला मराठी बोलपट आला तेव्हा संगीत नाटक मंडळ्या आधीच कर्जात होत्या, बालगंधर्वांची गंधर्व मंडळी पण. 1935 ला खुद्द बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, पण तो रस्ता पुढे गेला नाही. आज आपल्याला त्यांचं गाणं ऐकायला मिळतं ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांमुळे. रंगमंचावरचे बालगंधर्व, ते वन्स मोअर, ते चालणं, ते बघायला जवळपास काहीच शिल्लक नाही, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या आठवणी वाचत बसलोय. मग 1982. जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, गिरणगावचा नाटक बघणारा माणूस हातातोंडाची गाठ घालायच्या मागे लागला, आणि त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ. एकीकडे खिसा रिकामा आणि दुसरीकडे करमणूक घरात आलेली, असं ते एकदम आलं. कामगार रंगभूमी त्यानंतर पूर्वीसारखी उभी राहिली नाही.

आता करारांचं, कारण मला वाटतं खरी मेख तिथे आहे. 2007-08 ला अमेरिकेतले लेखक संपावर गेले तेव्हा मुख्य भांडण होतं इंटरनेटवर दाखवलेल्या कामाचे पैसे किती. 2023 ला परत गेले, 148 दिवस, नट पण 118 दिवस, आणि परत मोठा मुद्दा स्ट्रीमिंगचा. माध्यम आधी बदललं, हिशोब नंतर मागायला लागला, आणि त्यासाठी काम बंद ठेवायला लागलं. आपल्याकडे बॅकस्टेजच्या माणसाला 148 दिवस संप परवडेल का? म्हणून आधीच लिहा. आपला कायदा यात लेखकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 ला दुरुस्ती झाली, त्यानुसार हक्क लिहून दिले तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, आणि करारात ज्याचं नाव स्पष्ट घेतलेलं नाही, त्या माध्यमाला ते हक्क लागू होत नाहीत. तुमच्या जुन्या नाटकांचे करार काढून बघा, त्यात 'सर्व हक्क' एवढंच लिहिलं असेल तर उद्या प्लॅटफॉर्मचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल आणि तुमचं घोडं तिथेच अडेल. आणि लेखक-दिग्दर्शक-नटांपुरतं थांबू नका. चित्रीकरणातून जेवढे पैसे येतील त्याचा एक ठरलेला टक्का त्या नाटकाच्या बॅकस्टेजला, नावानिशी, प्रयोगाच्या यादीप्रमाणे. नेपथ्य लावणाऱ्याच्या हाताचं काम त्या चित्रात पहिल्या फ्रेमपासून दिसत असतं.

बुकिंगची भीती मला समजते. नाटक घरी दिसलं तर तिकीट कोण काढेल, हे मी तालमीच्या हॉलपासून गडकरीच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे ऐकलंय. ब्रिटनमध्ये नेस्टा नावाच्या संस्थेने नॅशनल थिएटरच्या या प्रक्षेपणांचा अभ्यास केला होता, त्यात लंडनच्या थिएटरांचा प्रेक्षक घटल्याचं दिसलं नाही. तरी तो देश वेगळा, प्रेक्षक वेगळा, मान्य. म्हणून मी आत्ता दाखवा असं म्हणतच नाहीये, शूट करून ठेवा म्हणतेय. दाखवायचं कधी ते तुम्ही ठरवा. नाटक थांबल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने, किंवा फक्त नाट्यगृहं बंद असतील तेव्हा. ती मुदत करारातच घाला. आणि जो प्रेक्षक आज येतच नाही त्याचा पण विचार करा. माझी आई ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले, पूर्वी महिन्याला दोन नाटकं बघायची. कासारवडवलीहून किंवा खारघरहून रविवारी संध्याकाळी लहान मूल घेऊन निघणारं जोडपं ट्रॅफिकमध्येच पहिला अंक घालवतं. पनवेलला फडके नाट्यगृह आहे, वाशीला भावे आहे, पण प्रत्येक नाटक तिथे जातंच असं नाही, आणि गडहिंग्लज, बुलढाणा, ह्यूस्टन, दुबई तर सोडूनच द्या. यातला कोणीही तुमच्या ठाण्याच्या प्रयोगाचं तिकीट खाणार नाहीये. उलट नाटकाची आवड लागायच्या वयात ज्यांना नाटक बघायलाच मिळालं नाही अशी पोरं मोठी होतायत, ते जास्त काळजीचं आहे. चोरून फोनवर केलेलं शूटिंग आजही फिरतंच, आणि ते बघून माणसाचं नाटकाबद्दलचं मत खराबच होतं.

शूट करायचं म्हणजे काय ते पण लिहिते, कारण इथे बरेच गैरसमज आहेत. एक कॅमेरा मागे लावला की झालं असं नाही, आणि सिनेमासारखी पंचवीस माणसं हवीत असंही नाही. तीन किंवा चार कॅमेरे, सगळ्यांचं एक्स्पोजर हाताने सेट केलेलं, ऑटो काहीही नको. प्रकाशयोजनाकाराला आधी एक दुपार द्या, डोळ्याला सुंदर दिसणारा गडद निळा कॅमेऱ्याला नुसता डाग दिसतो, थोडा तोल बदलावा लागतो आणि तो त्यानेच बदलायला हवा, कॅमेरामनने नाही. आवाजाला रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगतचे माइक, वरून एखाद-दोन, मुख्य कलाकारांना कपड्यातले वायरलेस. आणि हे फार महत्त्वाचं, प्रेक्षकांकडे तोंड केलेले दोन वेगळे माइक, वेगळ्या ट्रॅकवर. हशा आणि टाळी हवीच, तिच्याशिवाय नाटक मेलेलं वाटतं, पण ती माझ्या हातात पाहिजे, वाक्यावर चढली तर खाली घेता आली पाहिजे. एकाच प्रयोगावर विसंबू नका, लागोपाठचे दोन प्रयोग शूट करा आणि दोन्हीतलं चांगलं घ्या, 'हॅमिल्टन'ही एकापेक्षा जास्त प्रयोग मिळूनच तयार झालंय. प्रेक्षकांना आधी सांगा की आज चित्रीकरण आहे, ठाणेकर मोबाइल बंद ठेवतील याची मी खात्री देते. नाटकाचे पंचवीस-तीस प्रयोग झाल्यावर करा, तोवर नाटक बसलेलं असतं आणि मूळ संच शाबूत असतो. नंतर मूळ फाइल्स दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक ऑफिसात आणि एक दुसऱ्या गावात, कारण बुरशी लागलेल्या व्हीएचएस घेऊन माझ्याकडे माणसं येतात, वडिलांचं शेवटचं काम आहे हो यात म्हणतात, आणि मला त्यांना नाही म्हणावं लागतं. मराठी सबटायटल पण करून ठेवा, ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना नाटक पहिल्यांदा पुरतं कळेल. हा खर्च आहे, नाही असं नाही, पण एका नव्या नाटकाच्या नुसत्या जाहिरातींवर जे जातं त्याच्यापुढे तो मला तरी अवाजवी वाटत नाही. एकेकट्याला जड वाटत असेल तर चार निर्मात्यांनी मिळून कॅमेऱ्यांचा आणि माइकचा एकच संच भाड्याने घ्या, ठाण्याच्याच घाणेकर नाट्यगृहाला एका आठवड्यात चार नाटकं लावा आणि चारही उरकून टाका.

प्लॅटफॉर्मशी बोलायला पण एकत्रच जा. एकटा निर्माता एक नाटक घेऊन गेला तर तो विकणारा असतो, चाळीस नाटकं घेऊन निर्मात्यांचा संघ गेला तर समोरचा खुर्ची पुढे ओढून बसतो. स्वतःचा प्लॅटफॉर्म काढायच्या फंदात लगेच पडू नका असं माझं मत आहे, सर्व्हर, ॲप, पैसे गोळा करणं, ग्राहकाच्या तक्रारी हा सगळा वेगळाच धंदा आहे आणि त्यात नाटक बाजूला राहतं. हक्क मात्र विकून टाकू नका, ठराविक वर्षांसाठी द्या.

आणि संकट म्हणजे महामारीच असं नाही. गडकरी 2024-25 मध्ये दुरुस्तीसाठी कितीतरी महिने बंद होतं, एका शहरातलं एक नाट्यगृह बंद पडलं तरी तारखांची काय ओढाताण होते ते तुम्ही बघितलंय. मुख्य नट आजारी पडतो. पावसात एखाद्या रविवारी लोकल बंद पडतात. ही छोटी संकटं सतत चालू असतात, मोठं कधी येईल ते कोणीच सांगू शकत नाही, आणि तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर काय होतं ते 2020 ला माझ्या हेडफोनमध्ये मी ऐकलंय.

म्हणून एक करा. येत्या बैठकीत सगळी नाटकं राहू देत, एकच नाटक निवडा, ज्यात एखादे ज्येष्ठ नट किंवा नटी अजून काम करतायत असं. त्यांचं आधी शूट करा. त्याच्या आवाजाचं काम, प्रयोगाच्या दिवशी माइक लावण्यापासून शेवटच्या मिक्सपर्यंत, मी करून देईन, मानधन घेणार नाही, फक्त बॅकस्टेजच्या टक्क्याचा कागद आधी सही झालेला दाखवा. तारीख सांगताना महिनाभर आधी सांगा, कारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत ठाण्यात चांगले वायरलेस माइक भाड्याने मिळत नाहीत, सगळे कार्यक्रमांना गेलेले असतात, आणि कळव्यातून किंवा दादरहून आणायचे तर आधी बोलून ठेवावं लागतं.

तुमची,
नौपाड्यातली एक साऊंड एडिटर आणि रविवारची प्रेक्षक